वादी रम चार तासांत: जॉर्डनच्या वाळवंटातल्या घळी आणि कमानी कशा बघाव्यात

जॉर्डनच्या बहुतेक सहलींत वादी रमच्या वाट्याला जेमतेम अर्धा दिवस येतो. पेट्रा आटोपून अकाबाला किंवा मृत समुद्राकडे जाताना मध्ये कुठेतरी 'जीप सफारी' असं दोन शब्दांत लिहिलेलं असतं. लोक जीपमधून आठ ठिकाणी उतरतात, आठ ठिकाणी फोटो काढतात, आणि संध्याकाळी फोटो चाळताना कुठली कमान कुठे होती हे कोणालाच सांगता येत नाही. दोष अर्ध्या दिवसाचा नाही. तो नीट वापरला तर या वाळवंटाची चांगली ओळख होते. फक्त फेरी ठरवताना थोडा हट्ट धरावा लागतो: ठिकाणं कमी, चालणं जास्त, आणि वेळ दुपारनंतरची. हा लेख त्या हट्टाचा तपशील आहे.

आधी दगड समजून घ्या

वादी रम जॉर्डनच्या दक्षिण टोकाला आहे, सौदी अरेबियाच्या सीमेलगत. सुमारे ७४ हजार हेक्टरांचं संरक्षित क्षेत्र आहे आणि २०११ मध्ये युनेस्कोने ते निसर्ग आणि संस्कृती अशा दोन्ही निकषांवर जागतिक वारसा यादीत घेतलं. समुद्रसपाटीपासून साधारण हजार मीटरवर वाळूचं मैदान आहे आणि त्यातून सरळसोट डोंगर उभे आहेत. जबल रम हा १,७०० मीटरहून उंच. जबल उम्म अद दामी १,८५४ मीटर, म्हणजे जॉर्डनमधला सर्वांत उंच, पण तो सीमेजवळ असल्याने छोट्या फेरीत येत नाही.

डोंगराच्या पायथ्याशी काळपट, कठीण ग्रॅनाइट आहे. त्यावर शेकडो मीटर जाडीचा वालुकाश्म: आधी तांबूस-तपकिरी, उभ्या कड्यांचा, आणि बऱ्याच ठिकाणी त्याच्याही वर पांढरट, गोलसर घुमटांचा. सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीच्या नद्यांनी आणून टाकलेली ही वाळू आहे. आपला सह्याद्रीचा बेसॉल्ट यापुढे अगदी अलीकडचा, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. पुढे हा सगळा भाग उचलला गेला, खडकाला उभ्या भेगा पडल्या, पाण्याने आणि वाऱ्याने त्या रुंदावल्या. अरुंद राहिल्या त्या घळी झाल्या, रुंद झाल्या त्यांच्यात आज जीप चालते.

हे माहीत असलं की दोन गोष्टी जागेवर उलगडतात. पहिली म्हणजे पाणी. वालुकाश्मातून पाणी झिरपतं, ग्रॅनाइटमधून नाही. म्हणून झरे नेमके या दोन दगडांच्या सांध्यावर फुटतात. डोंगराच्या उतारावर एका ओळीत हिरवी झुडपं दिसली तर तो सांधा समजायचा. दुसरी गोष्ट पकड. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला उन्हातला कोरडा कातळ भरवशाचा वाटतो. इथला दगड कोरडा असूनही सुटतो. कड्यावरून हात फिरवला तर तळव्यावर तांबूस कण उतरतात, रव्यासारखे. मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं पडलेले भाग फोटोत सुंदर येतात, पण त्यांच्या पातळ कडांवर वजन टाकायचं नाही, त्या तुटतात.

दोन तास, चार तास की पूर्ण दिवस?

दोन तासांच्या फेरीत झरा, खझाली घळ आणि वाळूची टेकडी एवढं होतं. लहान मूल असेल किंवा अकाबाहून क्रूझ जहाजाची वेळ सांभाळायची असेल तर ठीक. पूर्ण दिवसात बुर्दा कमान मिळते, जिथे जायला तासाभराची खरी चढाई करावी लागते, काही टप्प्यांवर दोर लागतो. ज्यांना कातळटप्प्यांची सवय आहे त्यांनी त्यासाठी वेगळा दिवस काढावा. बाकी सगळ्यांसाठी, म्हणजे साठीच्या आई-बाबांसकट निघालेल्या कुटुंबासाठी सुद्धा, चार तासांची फेरी बरोबर बसते.

वेळ मात्र दुपारनंतरचीच घ्या, आणि शेवट सूर्यास्तावर होईल अशी. जॉर्डनने २०२२ पासून घड्याळ वर्षभर एकच ठेवलं आहे, भारताच्या अडीच तास मागे. नोव्हेंबरच्या मध्यावर सूर्य साधारण पावणेसहाला मावळतो, तेव्हा दीडला निघायचं. एप्रिलमध्ये सातच्या सुमारास मावळतो, तेव्हा तीनला. सकाळी निघणारी फेरी बरोबर डोक्यावर ऊन आलं की सर्वांत उघड्या भागात पोहोचते. त्या वेळी तांबडा दगडही फिका दिसतो आणि फोटोत सगळं पिवळट येतं.

मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते नोव्हेंबर हे महिने उत्तम. डिसेंबर-जानेवारीत दिवसा फिरायला मजा येते, पण रात्री पारा शून्याजवळ जातो. जून ते ऑगस्ट टाळाच. आखातात राहणारी मराठी मंडळी उन्हाळ्याच्या सुटीत 'आम्हाला सवय आहे' म्हणून येतात, पण दुबईतलं ऊन गाडीच्या काचेमागून अनुभवलेलं असतं. इथे जीप उघडी असते.

फेरी ठरवताना विचारायचे प्रश्न

वादी रममध्ये जीप बदूंच्या, म्हणजे इथल्या वाळवंटी अरब टोळ्यांच्या लोकांच्या असतात. मुख्य गाव रम, तिथले बहुतेक लोक झलाबिया टोळीचे. उत्तरेला दीसी नावाचं दुसरं गाव आहे. हा फरक नुसता भूगोलाचा नाही. पारदर्शक घुमटांचे जे तंबू समाजमाध्यमांवर दिसतात, त्यांतले बरेच दीसीच्या बाजूला आहेत, संरक्षित क्षेत्राच्या बाहेर किंवा कडेला. तिथून निघणारी फेरी तुम्हाला हव्या त्या घळींपर्यंत जातेच असं नाही. म्हणून पहिला प्रश्न हाच: तुमचा कॅम्प कुठे आहे, आणि फेरी रम गावातून सुरू होते का?

दुसरा प्रश्न पैशाचा. सांगितलेला दर जीपचा आहे की माणशी? त्यात प्रवेश शुल्क, चहा, जेवण धरलेलं आहे का? जीप फक्त आपली की अनोळखी लोकांबरोबर? प्रवेशाशी असलेल्या व्हिजिटर सेंटरमध्ये फेऱ्यांच्या अधिकृत दरांची पाटी असते, ती वाचल्याशिवाय तिथे उभ्या उभ्या सौदा करू नये. रोख दिनार लागतात. एक दिनार सव्वाशे रुपयांच्या आसपास पडतो, आणि पैसे अकाबा किंवा पेट्राशेजारचं वादी मूसा गाव इथूनच काढून आणावेत. वाळवंटात कार्डाच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही आणि तोच सर्वांत कामाचा आहे: "अबू खशाबा घळ आम्हाला पायी पार करायची आहे. जीप पलीकडच्या तोंडाशी येऊन थांबेल का?" या प्रश्नावर उत्तर देणाऱ्याचा सूर बदलतो. गिऱ्हाईक फक्त फोटोवालं नाही हे त्याला कळतं, आणि पुढची फेरी तोच आपणहून चांगली आखतो.

महाराष्ट्रातून ग्रुप टूरने जाणार असाल तर पैसे भरण्याआधी टूर कंपनीला विचारा की जीप कितीला निघते आणि किती तासांची आहे. कार्यक्रमपत्रिकेत 'सूर्यास्त' लिहिलेला आणि जीप मात्र सकाळी अकराची, असं असू शकतं. सामायिक बस असली तरी जीप सहा-सहा जणांच्या असतात. त्यामुळे तुमच्या सहा जणांनी जादा दिनार देऊन दोन तास वाढवून घेणं पुष्कळदा जमतं, फक्त टूर मॅनेजरला आदल्या दिवशी सांगायचं.

पोहोचायचं कसं

मुंबईहून दुबई, अबूधाबी किंवा दोहामार्गे अम्मान सोयीचं. अम्मान ते वादी रम सुमारे ३२० किलोमीटर, डेझर्ट हायवेने चार तास. वादी मूसाहून दोन तासांच्या आत-बाहेर, पहाटे एक छोटी बस सुटते, ती हॉटेलमधून आदल्या रात्री सांगून ठेवावी लागते. अकाबाहून तासाभराची टॅक्सी. स्वतः गाडी चालवत असाल तर रम गावात गाडी लावता येते. तिथे डांबर संपतं. पुढे भाड्याची गाडी वाळूत घालण्याचा विचारही करू नका.

तीन रात्री जॉर्डनमध्ये राहणार असाल तर निघण्यापूर्वीच ऑनलाइन 'जॉर्डन पास' घ्या. तो ७० दिनारांपासून मिळतो. त्यात पेट्राचं एरवी ५० दिनारांचं तिकीट आणि वादी रमचे ५ दिनार येतात, शिवाय व्हिसाचे ४० दिनार माफ होतात. तिथे पोहोचल्यावर घेतला तर व्हिसाची सूट मिळत नाही. व्हिसाचे नियम आणि त्या भागातली परिस्थिती दोन्ही बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी भारतीय परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना बघून घ्यावी.

एक गोष्ट बॅगेत मुळीच नको: ड्रोन. परवानगीशिवाय तो देशात आणता येत नाही, विमानतळावरच काढून घेतात.

अंगावर आणि पिशवीत

बूट बंद आणि सपाट, मऊ रबरी तळव्याचे. खोल खाचांचे जड ट्रेकिंग बूट वालुकाश्मावर उलट कमी चिकटतात आणि वाळूत जड होतात. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. डोक्याला बदू शेमाग नावाचं फडकं बांधतात, तुम्ही सुती पंचा किंवा ओढणी न्या. तोंडावरून एकदा गुंडाळली की उडत्या वाळूचा प्रश्न मिटतो. टोपी जीपच्या वाऱ्यात टिकत नाही. माणशी दोन लिटर पाणी. एक जाकीट, कारण सूर्य गेला की पंधरा मिनिटांत थंडी जाणवते आणि परतीचा प्रवास उघड्या जीपमधून असतो. कॅमेऱ्याची लेन्स वाळवंटात बदलू नका. फोन झिपच्या प्लास्टिक पिशवीत ठेवा. रम गाव सोडलं की रेंज येते-जाते, तेव्हा घरच्यांना काय कळवायचं ते आधीच कळवून टाका.

आणि व्हिजिटर सेंटरचं स्वच्छतागृह वापरून घ्या. पुढे काही चहाच्या तंबूंपाशी सोय असते, पण 'काही' या शब्दावर चार तास काढणं बरं नाही.

जीप म्हणजे बहुधा जुनी टोयोटा पिकअप, हौद्यात समोरासमोर दोन बाकं आणि वर कापडी छत. मागचा फाळका उतरवून चढायचं असतं, ते गुडघेदुखीवाल्यांना जड जातं. म्हणून ज्येष्ठांना चालकाशेजारची जागा आधीच राखून ठेवा. बाकीच्यांनी पुढच्या टोकाला बसावं. मागे बसलेला माणूस प्रत्येक खड्ड्याला हवेत जातो.

फेरीचा क्रम

*सुरुवात झऱ्यापासून, पण तिथे रेंगाळू नका.* टी. ई. लॉरेन्स हा ब्रिटिश अधिकारी १९१७ साली, तुर्की सत्तेविरुद्धच्या अरब उठावाच्या काळात या भागात होता, आणि त्यामुळे इथल्या प्रत्येक दुसऱ्या दगडाला त्याचं नाव चिकटलं आहे. जीपवाले ज्याला 'लॉरेन्सचा झरा' म्हणतात तो अबू ऐना. लॉरेन्सने ज्याचं वर्णन केलं तो झरा खरं तर गावामागच्या डोंगरात आहे, ऐन शलाला. त्याच्या वाटेवर अल्लात देवीच्या नबातियन मंदिराचे अवशेष आहेत. पेट्रा ज्यांनी कोरलं तेच हे नबातियन. जीप निघायला अर्धा तास अवकाश असेल तर चालत ते मंदिर बघून या, अवशेष थोडेच आहेत पण गर्दी नसते.

अबू ऐनाला खाली दगडी हौद आहे, पाइपने आणलेलं पाणी उंटांसाठी. मूळ झऱ्यापर्यंत मोठ्या धोंड्यांतून वीस मिनिटांची चढण आहे. चढलात तर झऱ्याकडे नव्हे, पायाखाली बघा: काळा ग्रॅनाइट संपून तांबडा दगड सुरू होतो ती रेघ इथे डोळ्यांसमोर येते. गुडघे जपायचे असतील तर ही चढण सोडा आणि दम पुढच्या घळींसाठी राखा.

*खझाली घळ.* जबल खझालीच्या पोटात गेलेली ही उभी फट आहे. तोंडाशी दोन माणसं शेजारी-शेजारी जेमतेम मावतात, भिंती कित्येक मीटर वर जाऊन जवळजवळ टेकतात, आणि आत शिरताच बाहेरच्यापेक्षा गार वाटतं. पाऊस होऊन गेला असेल तर तळाशी डबकी असतात, मग कडेच्या अरुंद पायरीवरून, एक हात भिंतीला ठेवून जावं लागतं. साधारण शंभर मीटरवर सामान्य माणसाची वाट संपते. पुढे दोर लागतो.

इथे बहुतेक लोक तोंडाशी उभं राहून वर बघतात, फोटो काढतात आणि फिरतात. बघायचं ते भिंतींवर आहे. वादी रममध्ये सुमारे २५ हजार खोदचित्रं आणि २० हजार शिलालेख नोंदवले गेले आहेत, माणसाच्या वावराच्या खुणा १२ हजार वर्षांच्या आहेत. त्यातला एक चांगला नमुना या घळीत आहे: शिंगं मागे वळलेले रानबोकड, हात वर केलेली माणसं, आणि पावलांच्या जोड्या. ही पावलं मला तरी सर्वांत जास्त खिळवून ठेवतात. बोटं मोजता येतील इतकी स्वच्छ, डोक्याच्या उंचीवर कोरलेली, जणू कोणी भिंतीवर उभं होतं. जवळच उत्तर अरबी लिपींतली अक्षरं आहेत, ज्यांना सरसकट 'थमूदी' म्हणतात. बरेच लेख साधे असतात, अमक्याचा मुलगा तमका, एवढंच.

बघण्याची युक्ती अशी: मोबाइलचा दिवा भिंतीला जवळजवळ समांतर धरा. समोरून मारलेल्या उजेडात खोदकाम बुजतं, आडव्या उजेडात सावली धरून उठून दिसतं. बोट मात्र लावू नका. घामाच्या हातांनी आणि बुटांनी ही चित्रं झिजतात, आणि आपल्या गडकिल्ल्यांवर बदाम आणि नावं कोरणाऱ्यांचे भाईबंद इथेही येऊन गेलेले आहेत.

एक व्यावहारिक सूचना. दुपारी तीन-चारच्या सुमारास इथे जीपची रांग लागते, घळीत येणारे आणि जाणारे एकमेकांना अडतात. चालकाला सांगा, गर्दी दिसली तर आधी पुढे जाऊ, परतताना खझाली घेऊ. त्याचं काही बिघडत नाही.

*अबू खशाबा.* सगळ्या फेरीतलं माझं आवडतं ठिकाण, आणि घाईच्या फेऱ्यांत हमखास वगळलं जाणारं, कारण इथे उतरून फोटो काढण्यासारखं 'एक' काही नाही. दोन डोंगरांमधली ही वालुकामय घळ आहे, खझालीपेक्षा खूप रुंद, आरपार जाणारी. एका तोंडाला उतरायचं, जीप डोंगराला वळसा घालून पलीकडे जाते, तुम्ही अर्ध्या-पाऊण तासात चालत पोहोचता. वाट चुकण्याची शक्यता नाही, दोन्हीकडे भिंती आहेत.

वाळूत चालण्याची पद्धत वेगळी. टाच रोवली की पाऊल रुततं आणि पोटऱ्या दहा मिनिटांत भरून येतात. पूर्ण पाऊल सपाट टाकायचं, पावलं लहान ठेवायची, आणि भिंतीच्या कडेने, जिथे वाळू दबलेली किंवा खडीमिश्रित आहे तिथून जायचं. आधीच्या माणसाच्या पावलातच पाऊल टाकलं तर निम्मी मेहनत वाचते. मध्ये एक-दोन छोटे दगडी टप्पे हाताचा आधार घेऊन उतरावे लागतात. घळीत झुडपं आहेत, त्यांच्या बुंध्याशी वाळूवर पहाटेच्या खुणा राहिलेल्या असतात: बीटलची शिवणीसारखी रेघ, पक्ष्यांची पावलं, कधी कोल्ह्याची.

मध्यावर पाच मिनिटं सगळ्यांनी वीस-वीस पावलांचं अंतर ठेवून चाला आणि बोलू नका. ग्रुपमधल्या मुलांना हे पटवणं सोपं जातं, मोठ्यांना अवघड. सांदण दरी उतरलेल्यांना इथे घळीची रचना ओळखीची वाटेल, भेगेतून रुंदावलेली. पण सांदणमध्ये पाणी, धोंडे आणि शनिवार-रविवारी माणसांची रांग असते. इथे तुमच्याच श्वासाचा आवाज भिंतीवरून परत येतो.

*उम्म फ्रूथ कमान.* वादी रमच्या फोटोंमध्ये आभाळावर माणूस उभा दिसतो तो बहुधा इथला. वाळूपासून साधारण पंधरा मीटर उंच असलेला हा दगडी पूल आहे. वर जाता येतं, वाट एका बाजूच्या उतरत्या कातळावरून आहे, चढायला पाच मिनिटं पुरतात. सुरुवातीचा टप्पा उभा आहे. तिथे खोबण्या गुळगुळीत झाल्या आहेत, लाखो लोकांचे बूट लागून.

चढणं सोपं, उतरणं अवघड, हा नियम इथेही लागू. वर जाण्याआधी खालूनच बघून ठेवा की उतरताना पहिला पाय कुठे येईल. उतरताना तोंड कातळाकडे, दोन हात आणि एक पाय टेकलेला असल्याशिवाय दुसरा पाय हलवायचा नाही. गाइडला खाली उभं राहायला सांगा, तो तळव्याला हात लावून खोबण दाखवतो. त्यात लाज कसली? बुटांना वाळू लागली असेल तर चढण्याआधी तळवे पुसून घ्या. कातळावर सुटी वाळू म्हणजे घसाराच. जोराचा वारा असेल किंवा उंचीची भीती असेल तर खालून पाहिलेली कमान जास्त चांगली दिसते, हे मी धीर द्यायला सांगत नाही. वरच्या माणसाला पायाखालचा दगड दिसतो, खालच्याला अख्खी कमान. आणि मुलांना कमानीवर चढायचंच असेल तर 'छोटी कमान' वेगळी आहे, चार-पाच मीटरची, तिथे न्या.

*वाळूची टेकडी* बहुतेकांच्या यादीत असते. तांबडी वाळू डोंगराच्या कुशीत साचून तिचा ढीग झाला आहे, चढताना एक पाऊल पुढे आणि अर्धं मागे. मुलं खूश होतात. ती नसतील तर मी ही सोडून तो वेळ सूर्यास्ताच्या जागेला देईन.

*सूर्यास्त.* चालक सगळ्यांना नेतो त्या ठरावीक खडकांवर दहा-पंधरा जीप असतात, कोणाचं तरी गाणं लागलेलं असतं. त्याला थोडं आडबाजूला थांबायला सांगा. जागा अशी निवडा की पाठीशी सूर्य आणि समोर लांब कडा असेल. सगळे मावळत्या सूर्याकडे तोंड करून बसतात, आणि रंगांचा खेळ तर उलट दिशेच्या कड्यावर चाललेला असतो: आधी केशरी, मग विटकरी, मग जांभळट. शेवटची दहा मिनिटं कॅमेऱ्याचा एक्स्पोजर थोडा कमी ठेवा, नाहीतर तांबडा रंग फोटोत धुऊन निघतो.

चालक बहुधा इथेच काटक्यांची चूल मांडून चहा करतो. काळा, भरपूर साखरेचा, त्यात मरमिया म्हणजे सेजची पानं. साखर कमी हवी तर उकळण्याआधी सांगा, नंतर उपयोग नाही. दिवसभरात तंबूंमधून जो चहा मिळतो तो आतिथ्याचा असतो. त्याचे पैसे कोणी मागत नाही, पण एखादा दिनार ठेवावा किंवा छोटं काही विकत घ्यावं. स्त्रियांचे फोटो विचारल्याशिवाय नको.

आभाळ भरून आलं तर

हा भाग थोडा गंभीर आहे. वादी रममध्ये वर्षभरात १०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही. पण जो पडतो तो उघड्या दगडावर पडतो, मुरायला माती नाही. सगळं पाणी एकदम घळींकडे धावतं. पाऊस तुमच्या डोक्यावर पडायलाही हवा असं नाही, मागच्या डोंगरावर पडला तरी पुरे. २०१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अशा अचानक पुरांनी जॉर्डनमध्ये बरेच बळी घेतले, आणि पेट्रातून हजारो पर्यटकांना तातडीने हलवावं लागलं.

म्हणून ऑक्टोबर ते मे या काळात सकाळी हवामानाचा अंदाज बघाच. गाइड म्हणाला 'आज खझालीत जायचं नाही', तर 'पाचच मिनिटं, फोटो काढून येतो' असा आग्रह धरू नका. खझालीला मागून बाहेर पडायची वाट नाही. घळीत असताना पाणी गढूळ झालं, काटक्या वाहून येऊ लागल्या किंवा लांबून गडगडल्यासारखा आवाज आला, तर सामान सोडून उंचवटा गाठायचा. तोंडाकडे पळत सुटायचं नाही, पाण्याची धावही त्याच दिशेने असते. जीपमध्ये असताना समोरच्या ओढ्यात पाणी दिसलं तर चालकाला थांबायला सांगायचं आणि ओसरेपर्यंत बसून राहायचं.

रात्र काढायची असेल तर

फेरी सूर्यास्ताला संपते, तेव्हा कॅम्पमध्ये राहणं सोयीचं. जेवण झर्ब पद्धतीचं असतं: वाळूत पुरलेल्या पिंपात निखारे, वर मजल्यामजल्याच्या जाळीवर मांस आणि भाज्या, झाकण लावून वरून वाळू. कॅम्पवाले तो पुरलेला पिंप सगळ्यांसमोर उघडतात, बघण्यासारखं असतं. पण मांसाचा रस खालच्या भाज्यांवर ठिबकू शकतो. शाकाहारींनी सकाळीच सांगावं की भाज्या वेगळ्या शिजवा किंवा निदान सर्वांत वरच्या जाळीवर ठेवा. हुमूस (काबुली चण्यांची चटणी), खुब्झ म्हणजे अरबी रोटी, डाळीचं सूप, आणि टोमॅटो-लसूण परतून केलेलं गलायत बंदोरा यावर जेवण छान होतं. जैन मंडळींनी कांदा-लसणाचं वेगळं सांगावं, आणि एक थेपल्यांचं पाकीट जवळ ठेवावं.

सकाळी अकाबाकडे जाणारी बस लवकर सुटते, तेव्हा रात्रीच कॅम्पवाल्याकडून रम गावापर्यंतच्या जीपची वेळ नक्की करून घ्या. टिपही तेव्हाच चालकाच्या हातात द्या. सकाळी तुम्हाला गावात सोडायला बहुधा दुसराच कोणीतरी येतो.